खजरान्याचे निर्माल्य आणि हॉवर्डसाहेबांचे खत

खजरान्याच्या गणपतीला बुधवारी आणि चतुर्थीला किती हारफुले, दूर्वा नि पाने वाहिली जातात, हे तेथे रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येक इंदूरकरास ठाऊक आहे. निर्माल्य पायदळी येऊ नये, ते वाहत्या पाण्यात सोडावे, ही आपली जुनी रीत. गेल्या काही वर्षांपासून देवळाच्या व्यवस्थेतच या निर्माल्याचे खत होऊ लागले आहे. देवाला वाहिलेले फूल मातीत जाऊन पुन्हा फुलास येते, यापरती चांगली विल्हेवाट ती कोणती? पण हे खत पाहून कौतुक करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, केरकचऱ्यापासून शास्त्रशुद्ध खत करण्याची जी रीत जगभर आपल्या शहराच्या नावाने, इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, ती खजरान्यापासून फार दूर नसलेल्या एका शेतावर सिद्ध झाली. ती सिद्ध करणारे गृहस्थ म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड. त्यांचे चरित्र आज सांगावेसे वाटते, ते केवळ खतासाठी नव्हे. आपल्या स्वयंपाकघरात येणाऱ्या अन्नात काय असते आणि ते घरातल्या बायकामुलांच्या अंगी कसे लागते, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी इंदुरात बसून या साहेबाने तोच प्रश्न मातीपासून विचारावयास आरंभ केला होता.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात झाला. वडील शेतकरी, त्यामुळे गोठा, नांगर आणि हंगाम यांची ओळख पुस्तकांच्या आधी झाली. पुढे लंडन आणि केंब्रिज येथे त्यांनी रसायन, वनस्पतिशास्त्र व शेतकी यांचे शिक्षण घेतले. १८९९ साली ते वेस्ट इंडीज बेटांवर वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. तेथे उसावरचे व कोकोवरचे रोग काचेखाली तपासून शेतकऱ्यांना सल्ला देणे, हे त्यांचे काम. पण स्वतःच्या मालकीचे वीतभर शेत नाही, दिलेला सल्ला स्वतः करून पाहण्याची सोय नाही, ही गोष्ट या शेतकऱ्याच्या मुलास बोचू लागली. जो उपाय आपण स्वतः मातीत करून पाहिला नाही, तो दुसऱ्यास सांगण्याचा आपल्याला अधिकार काय, हा विचार त्यांनी जन्मभर सोडला नाही.

१९०५ साली बिहारात पुसा येथील नव्या शेतकी संशोधन संस्थेत हिंदुस्थान सरकारचे वनस्पतितज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या गॅब्रिएलबाईंची ओळख केवळ साहेबांची पत्नी म्हणून करून देणे अन्यायाचे होईल. १८७६ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या विदुषीने केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात शिक्षण घेतले होते, आणि पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात त्यावर उष्णतेचा काय परिणाम होतो, या विषयावरचे त्यांचे संशोधन विवाहापूर्वीच मान्यता पावले होते. पुसा येथे काही वर्षे त्यांनी पतीच्या बरोबरीने काम केले. १९१३ साली सरकारने त्यांना द्वितीय वनस्पतितज्ज्ञ या पदावर रीतसर नेमले. त्या काळी सरकारी शास्त्रीय खात्यात एका स्त्रीला असे पद मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे वाण या दांपत्याच्या कामातून निघाले आणि उत्तर हिंदुस्थानात लाखो एकरांवर पसरले.

पुसा येथे हॉवर्डसाहेबांना प्रथमच स्वतःच्या हुकमतीचे शेत मिळाले, सुमारे ७५ एकरांचे. आता शिकवणार कोण? त्यांनी दोन गुरू केले. एक आसपासचा शेतकरी आणि दुसरी पिकावर पडणारी कीड. शेजारच्या खेड्यांतील शेतकरी औषधे न फवारता, विकतचे खत न घालता चांगले पीक काढतात, हे त्यांनी पाहिले. कीड कोठे पडते आणि कोठे पडत नाही, याची ते नोंद ठेवू लागले. पुष्कळ वर्षांच्या निरीक्षणानंतर त्यांचे मत असे झाले की, कीड हा मूळ रोग नसून माती बिघडल्याची ती वर्दी आहे. वर्दी देणाऱ्यास मारून घर सुरक्षित होत नाही. त्यांच्या बैलांविषयीची हकीकत प्रसिद्ध आहे. शेजारच्या गोठ्यातील जनावरांना लाळ-खुरकत झालेली असता, त्यांच्या नाकाला नाक लावणारे हॉवर्डसाहेबांचे बैल निरोगी राहिले. चांगल्या मातीतला चारा खाल्ल्याचा हा गुण, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

येथे मला थोडे थांबून सांगितले पाहिजे. लाळ-खुरकत हा विषाणूंचा रोग आहे, आणि काही बैलांवरून सर्व जनावरांचा कायदा सांगता येत नाही. हॉवर्डसाहेबांची निरीक्षणशक्ती दांडगी होती, पण निरीक्षणावरून सिद्धांताकडे ते कधी कधी मोठी ढांग टाकत. त्यांच्या हयातीत व नंतरही अनेक शास्त्रज्ञांनी हा आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. तथापि, एखाद्याचा सिद्धांत पुरता सिद्ध झाला नाही म्हणून त्याने विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही.

पुसा येथे कामाची वाटणी खात्याखात्यांत झालेली; कीड एकाकडे, बुरशी दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. या कुंपणांचा त्यांना वीट आला. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचा अभ्यास एकत्र व्हावा अशी संस्था त्यांना हवी होती. ती इंदुरात मिळाली. १९२४ साली होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर काळी जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थाने यांनी खर्चाचा भार उचलला, आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. हॉवर्डसाहेब तिचे संचालक झाले. जुन्या इंदूरकरांच्या तोंडी जे शेतकी कॉलेज आहे, ते याच संस्थेचे पुढचे रूप. १९५९ साली येथे कृषी महाविद्यालय झाले.

येथे आमच्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक नाव सांगितलेच पाहिजे. संस्थेच्या रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक यशवंत वाड हे होते. इंदूर पद्धतीचा मूळ ग्रंथ, शेतातील टाकाऊ पदार्थ व त्यांचे खत या विषयावरचा, १९३१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे छापली गेली. त्या काळातले साहेब आपल्या हाताखालच्या हिंदी माणसाचे नाव प्रस्तावनेतल्या आभारांपलीकडे क्वचितच नेत. हॉवर्डसाहेबांनी ते मुखपृष्ठावर नेले, हे त्यांच्या थोरवीचे एक गमक मी मानतो.

पद्धत तशी साधी. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा. त्यात पालापाचोळा, तण, उसाचे पाचट, तुरीच्या काड्या, कपाशीच्या पऱ्हाट्या यांचे थर, वर शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख, बेताचे पाणी. पऱ्हाट्या कठीण, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यांवर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. ढिगाची तीनदा चाळवाचाळव करून त्याला हवा द्यावयाची, आणि तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार. शेण जाळावे की शेतात घालावे, हा आपल्या शेतकऱ्यापुढचा जुना पेच. थोडे शेण आणि पुष्कळ काडीकचरा मिळून बरेच खत होते, हे दाखवून या पद्धतीने तो सैल केला. चीनमधील शेतकरी शतकानुशतके असे खत करीत आले होते, हे हॉवर्डसाहेबांना ठाऊक होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. जुन्या रीतीला मापे, वेळापत्रक आणि रसायनशास्त्राचा आधार देणे, हे हॉवर्ड-वाड यांचे काम.

इंदूरच्या शेतावरची एक नोंद मला विशेष बोलकी वाटते. हरभऱ्याच्या एका शेतात पावसाळ्यात काही जागी पाणी साचून राहिले होते. त्या जागांचा नकाशा काढून ठेवला. पुढे हरभरा पेरला, तेव्हा घाटेअळी पडली ती नेमकी त्याच ठिगळांवर. लगतच्या चांगल्या जमिनीतल्या झाडांकडे ती वळली नाही. दुसरा कोणी असता तर सबंध शेतावर विष फवारता. त्या काळचे विष म्हणजे शिसे आणि सोमल यांचे संयुग. हॉवर्डसाहेबांनी चर खणण्याची आणि पाणी काढून देण्याची व्यवस्था महत्त्वाची मानली.

मजुरांच्या बाबतीतही हीच दृष्टी. वेळच्या वेळी पगार, कामाचे मर्यादित तास, राहण्यास स्वच्छ घरे आणि औषधोपचार यांची व्यवस्था या संस्थेत झाली, आणि त्या प्रयोगाची हकीकत हॉवर्डसाहेबांनी १९३१ साली आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालयाच्या मासिकात लिहिली. माती नीट ठेवावयाची आणि मातीत राबणारे हात मात्र उपाशी ठेवावयाचे, हा दुटप्पीपणा त्यांच्याजवळ नव्हता.

१९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएलबाई जिनीव्हा येथे वारल्या. पंचवीस वर्षांचा संसार आणि तितक्याच वर्षांचे एकत्र संशोधन संपले. दुसऱ्या वर्षी हॉवर्डसाहेबांनी नोकरीतून निवृत्त होऊन हिंदुस्थान सोडला. गॅब्रिएलबाईंच्या धाकट्या भगिनी लुईज यांच्याशी त्यांचा पुढे विवाह झाला. याही बाई विद्वान, ग्रीक नाटकांच्या अभ्यासक. साहेबांच्या हिंदुस्थानातील कार्याचा वृत्तांत त्यांनीच पुढे ग्रंथरूपाने लिहिला. इंदुरात काम थांबले नाही. वाड यांनी जॅक्सन या नव्या अधिकाऱ्यांसह वस्तीतील मैला व केरकचरा याच पद्धतीने निरुपद्रवी कसा करावा, याचे प्रयोग केले आणि १९३४ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. खताच्या ढिगातील उष्णतेने माश्यांच्या अळ्या व रोगजंतू मरतात, म्हणजे हा आरोग्याचाही प्रश्न होता. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि पुढे या खताचा पुरस्कार केला.

इंग्लंडात परतल्यावर हॉवर्डसाहेबांचे लक्ष शेताकडून पानाकडे, म्हणजे जेवणाच्या पानाकडे, वळले. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. २२ मार्च १९३९ रोजी क्रू या गावी चेशर परगण्यातील सुमारे ६०० डॉक्टरांच्या वतीने एक जाहीर सभा झाली. आम्ही आयुष्यभर रोग बरे करीत बसलो, पण रोग होऊ नये म्हणून काय करावे याचे उत्तर औषधात नसून आहारात आणि आहाराचे उत्तर मातीत आहे, असा त्या डॉक्टरांच्या निवेदनाचा सारांश. हॉवर्डसाहेब तेथे बोलले. त्या निवेदनातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग गर्भवती स्त्रियांविषयी आहे. तेथील एका खेड्यात डॉक्टर आणि सुईण मिळून गर्भवतींच्या आहाराकडे जातीने लक्ष देत. ताजे दळलेले, कोंड्यासकट पीठ. दूध, लोणी, अंडी, हिरव्या भाज्या. त्या आयांना दूध चांगले येई आणि मुले सुदृढ निघत, असा त्यांचा अनुभव होता. आपल्याकडे डोहाळजेवणाची आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची परंपरा आहे. पण एरवी घरची सून सर्वांच्या मागून, उरलेले जेवते, हीही परंपराच आहे. चेशरच्या डॉक्टरांचे म्हणणे आपल्या घरांना अधिक लागू आहे.

१९४० साली त्यांचा ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हा ग्रंथ निघाला. माती, वनस्पती, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य ही एकच अखंड गोष्ट आहे, हे त्याचे सूत्र. इंग्लंडात लेडी ईव्ह बॅल्फर आणि अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी यातून स्फूर्ती घेतली. आज जिला सेंद्रिय शेती म्हणतात ती चळवळ यांच्यापासून वाढली. २० ऑक्टोबर १९४७ रोजी, हिंदुस्थान स्वतंत्र होऊन दोन महिने झाले असता, लंडन येथे हॉवर्डसाहेबांचे निधन झाले.

ते गेले आणि रासायनिक विषांचे खरे युग सुरू झाले. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ साली अमेरिकन संशोधकांना तेच डीडीटी आईच्या दुधात सापडले. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठते, आणि साठलेले दुधावाटे बाळाकडे जाते. याचा अर्थ आईने दूध पाजू नये असा मुळीच नाही. आईच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही. अर्थ एवढाच की, शेतात टाकलेले विष शेतातच राहात नाही. १९६२ साली रेचेल कार्सन या विदुषीने हे सर्व जगापुढे मांडले. हिंदुस्थानात शेतीसाठी डीडीटी वापरण्यास १९८९ साली बंदी आली. त्याआधी, १९८४ च्या डिसेंबरात, आपल्याच राज्याच्या राजधानीत कीटकनाशकाच्या कारखान्यातून सुटलेल्या वायूने एका रात्रीत हजारोंचे प्राण घेतले. गर्भवती स्त्रियांचे गर्भ गेले. आणि २०१७ साली विदर्भात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-मजूर मृत्यू पावले. फवारा पाठीवर घेणारा पुरुष असतो. पण फवारलेल्या शेतात निंदणी आणि कापूसवेचणी बाया करतात, नि त्याचे कपडे धुण्याचे कामही घरच्या बाईकडेच असते.

रासायनिक खताने आणि नव्या वाणांनी देशाची उपासमार टाळली, हे मी नाकारीत नाही. खत आणि विष एक नव्हे, हेही खरे. सेंद्रिय धान्याचे पोषण फार अधिक असते, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. त्यात कीटकनाशकांचा अंश कमी असतो, एवढे मात्र तपासण्यांत दिसून आले आहे. प्रत्येक घरास महाग सेंद्रिय माल परवडणार नाही. मग हॉवर्डसाहेबांपासून आपण काय घ्यावे? त्यांची सवय घ्यावी. घरात येणारी वस्तू कशाची आहे आणि ती शेवटी कोठे जाते, हे विचारण्याची.

इंदूरच्या मराठी घरांत वर्षाचे गहू भरण्याची चाल अजून आहे. पूर्वी गव्हाला कडक ऊन देत, एरंडेलाचा हात लावीत आणि कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालीत. माझी आजी पाला पुरता वाळल्याशिवाय कोठीला झाकण लावू देत नसे. आता पुष्कळ ठिकाणी सल्फासच्या गोळ्या घालतात. या गोळ्यांतील ॲल्युमिनियम फॉस्फाइडला दमट हवा लागली की विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही. बंद घरात, निजण्याच्या खोलीलगत ठेवलेल्या धान्यातून असा वायू सुटून माणसे दगावली आहेत. ही वस्तू गुदामाची, माहीतगार माणसाच्या हातची. राहत्या घरात तिला थारा देऊ नये. पाऱ्याच्या टिकड्याही धान्यात ठेवतात. पारा गर्भातील बाळाच्या मेंदूस घातक, तो अन्नाजवळ कशाला हवा?

शेंदूरही तसाच. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. शिसे हाडांत वर्षानुवर्षे बसून राहते आणि गर्भारपणात वारेतून बाळापर्यंत पोहोचते. देवाचा शेंदूर देवाला राहू द्यावा. हाताला लागल्यास मुलाला भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावे, एवढ्याने भक्तीत उणेपणा येत नाही. कुंकू घेताना हळदीचे आहे की कसले, हे विचारून घ्यावे. भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी. ढेकणांचे वा उंदरांचे औषध स्वयंपाकघरातील डब्यात किंवा सरबताच्या बाटलीत कधी ठेवू नये. आणि घरचे निर्माल्य, भाजीची देठे, सालपटे यांचे एखाद्या कुंडीत खत करावे. मात्र त्यातून शेंदूर लागलेला कापूस, जरी, प्लॅस्टिक आधी वेगळे काढावे. जे मातीत घालू, तेच पानात येईल.

खजरान्याच्या भोवतालची शेते आता वसाहतींखाली गेली. तेथे नांगर दिसत नाही. पण कोठी आणि कुंडी अजून प्रत्येक घरात आहे, आणि त्यांच्यावर सत्ता बहुधा घरच्या बाईचीच चालते. हॉवर्डसाहेबांना ३०० एकर मिळाले होते. आपल्या वाट्याला एवढेच आले असले तरी तेवढे निर्विष ठेवणे आपल्या हाती आहे.